मधुमेह-कार्यक्रम कोणत्या मापाने मोजावा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



मधुमेह हा खात्यापित्या घरचा रोग, हा समज आता सोडला पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळे इंग्लंडातील बाळांहून वजनाने पुष्कळ कमी, पण अंगातील चरबी त्या मानाने राखून असलेली आढळली. या रोगाची पूर्वतयारी आईच्या अर्धपोटी गर्भारपणातच होत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. तेव्हा हा प्रश्न आपला आहे.

राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली शंभर जिल्ह्यांतून सुरू झाला. मे २०२३ मध्ये सरकारने उच्च रक्तदाब व मधुमेह यांचे मिळून साडेसात कोटी रुग्ण २०२५ पर्यंत उपचाराखाली आणण्याचे ठरविले. मार्च २०२५ मध्ये रक्तदाबाचे ४.२० कोटी आणि मधुमेहाचे २.५३ कोटी रुग्ण उपचार घेत असल्याचे जाहीर झाले, म्हणजे उद्दिष्टाच्या जवळजवळ ९० टक्के. हे काम लहान नाही, आणि ते मोकळेपणाने मान्य करावे.

परंतु उपचाराखाली असणे वेगळे आणि साखर आटोक्यात असणे वेगळे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने यापेक्षा कठोर माप स्वीकारले होते : ज्ञात रुग्णांपैकी ८० टक्क्यांचा आजार २०२५ पर्यंत नियंत्रणात असावा. मोठ्या आकड्यांच्या जाहिरातीत हे माप मागे पडले. मेटफॉर्मिनची गोळी स्वस्त आहे. पण ती घेण्यासाठी दर खेपेला रोजगार बुडत असेल, अथवा केंद्रात साठाच संपला असेल, तर नोंदवहीतले नाव रुग्णाचे डोळे आणि मूत्रपिंड वाचवीत नाही. क्षयरोग-कार्यक्रमात नोंदलेल्या रुग्णांच्या त्या त्या गटाचे पुढे काय झाले, हे पाहण्याची रीत आहे. क्षयाचा उपचार संपतो, हा आजन्म चालतो. म्हणून येथे तर ती रीत अधिकच हवी.

हे काम ज्या आशाताईंच्या पायांवर उभे आहे, त्यांना माणशी एक अर्ज भरण्याचे दहा रुपये ठरले आणि दर्जा मिळाला स्वयंसेविकेचा! प्रतिबंधाचीही तीच गत. आहारात बदल करा असे सांगायचे आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच द्यायचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला जागा आहे, ती दुकानात दिसत नाही.

म्हणून ग्रामसभेत आरोग्यकेंद्राकडे तीन आकडे मागावेत. वर्षापूर्वी नोंदलेल्यांपैकी आज किती येतात? त्यांतल्या कितींची साखर आटोक्यात आहे? औषधे किती दिवस नव्हती? नावे मात्र मागू नयेत. कोणाला कोणता आजार आहे, हे चावडीवर वाचायचे नसते.