थंडीचे दिवस, परसातील कोंबड्या आणि आपले घर
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



भात घरात आले, खळे चोपून सारवून झाले आणि पहाटे मतलई वारा अंगाला झोंबू लागला की आपल्या मालवण किनाऱ्यावर थंडी आली असे आपण समजतो. घाटावरच्यासारखी कडाक्याची थंडी आपल्याकडे पडत नाही. दुपारी ऊन असतेच. पण पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते आणि दवाने खुराड्याचे छप्पर ओले होते. दिवसाचे ऊन आणि पहाटेचा गारवा यांतला हा फरक आपण सोसतो. आठवड्याच्या पिल्लाला तो सोसत नाही.

मी कोंबड्यांचा व्यापारी नाही. मी प्राथमिक शिक्षक होतो. मालवण तालुक्यात घराभोवती दीड एकर जागा आहे. तीत माड, पोफळी, चार काजू आणि आईच्या वेळेपासून वीस-पंचवीस गावठी कोंबड्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांची परिस्थिती अशीच असेल. म्हणून मोठ्या पोल्ट्रीविषयी न बोलता अशा घरगुती पाळणुकीविषयीच बोलतो.

खुराडे कोणाचे?

कोंबड्यांची कामे घरात वाटलेली असतात, पण ती कोणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडे सकाळी दार उघडण्याचे काम आईचे. पाणी भरण्याचे काम मुलीचे. संध्याकाळी कणी-कोंडा घालून मोजून आत घेण्याचे काम माझ्या पत्नीचे. माझे काम काय, तर पाहुणा आला की "कोंबडा धरा" असे सांगणे! अंड्यांचे पैसे आईच्या पत्र्याच्या डब्यात जात. देवीची ओटी, नातीची वही, माहेरच्या लग्नातला आहेर हे सारे त्या डब्यातून होई. त्यासाठी तिला माझ्यासमोर हात पसरावा लागत नसे. या डब्याची किंमत मला फार उशिरा कळली.

आमची मुलगी चौथीत होती त्या वर्षीची गोष्ट. कार्तिक महिना होता. जत्रा सुरू झाल्या होत्या, मुंबईची माणसे यायची होती आणि राखणही द्यायची होती. मी आठवड्याच्या बाजारातून दोन कोंबडे आणले आणि रात्र झाली म्हणून घरच्याच खुराड्यात सोडले. सहाव्या दिवशी सकाळी आईने हाक मारली, "झिला, दार उघडलंय, पण एक पण भायर येणा नाय."

जाऊन पाहिले तर कोंबड्या पिसे फुलवून बसलेल्या. हिरवट-पांढरी विष्ठा, तोंड उघडून श्वास, दोघींच्या माना पिळवटलेल्या. दहा दिवसांत तेवीसपैकी चार उरल्या. वाडीतल्या आणखी आठ घरांची खुराडी रिकामी झाली. आई कोणाला काही बोलली नाही. त्या वर्षी तिने ओटीसाठी माझ्याकडे पैसे मागितले, तेव्हा मला माझी चूक समजली. रोग बाजारातून मीच घरात आणला होता आणि घरातून तो वाडीत गेला होता.

मानमोडी म्हणजे काय?

या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. शास्त्रीय भाषेत तो राणीखेत रोग. उत्तराखंडातील राणीखेत या गावावरून आपल्या देशात हे नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे. आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ, श्वास, तसेच दूषित पाणी, टोपल्या, पिंजरे आणि आपल्या चपला यांमधून तो पसरतो. संसर्ग झाल्यावर बहुधा पाच-सहा दिवसांत लक्षणे दिसतात; कधी दोन दिवसांत, तर कधी पंधरवडाही लागतो. म्हणून बाजारात धडधाकट दिसलेला कोंबडा घरी रोग आणू शकतो.

या रोगावर औषध नाही. लसूण, हळद किंवा माणसांच्या गोळ्या यांनी मानमोडी बरी होत नाही. उपाय एकच, आणि तो म्हणजे आधी लस टोचून घेणे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालावा. ६ ते ८ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी ही लस अर्धा मि.लि. पंखाखाली टोचून घ्यावी. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना पुढे दर सहा महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुन्हा लस द्यावी. देवी रोगाच्या लसीबद्दलही त्याच वेळी विचारून घ्यावे.

मग आपण लस का टोचत नाही? लस महाग आहे म्हणून नव्हे. अडचण बाटलीची आहे. आर-टू-बीच्या बाटलीत १०० किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्याच्या घरी बारा कोंबड्या आहेत तो अख्खी बाटली कशाला आणील? असे प्रत्येक घर म्हणते, आणि म्हणून वाडीत कोणीच लस आणीत नाही.

वाडीचा लसीकरण दिवस

दुसऱ्या वर्षी आम्ही प्रथम मोजणी केली. शाळेतल्या मुलांनी घरोघर जाऊन वहीत कोंबड्या लिहिल्या. चौदा घरांत मिळून १६३ भरल्या. म्हणजे १०० मात्रांच्या दोन बाटल्या. खर्च घरामागे वाटल्यावर एका अंड्याच्या किमतीएवढाही दर कोंबडीमागे आला नाही. आपणही आपल्या वाडीत हे सहज करू शकाल. पद्धत अशी ठेवावी:

१. जत्रा आणि पाहुण्यांचे दिवस सुरू होण्यापूर्वी निदान तीन आठवडे अगोदरचा दिवस ठरवावा. लस टोचली की त्याच दिवशी प्रतिकारशक्ती येत नाही.

२. त्याआधी आठवडाभर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध पाजावे.

३. लस आणण्यासाठी चहाचा थर्मास आणि बर्फ न्यावा. आपल्या किनाऱ्यावर मासळीमुळे बर्फाला तोटा नाही. बर्फ पिशवीत बांधावा, म्हणजे बाटली पाण्यात भिजणार नाही. बाटलीला ऊन लागू देऊ नये.

४. आदल्या संध्याकाळी सर्व कोंबड्या खुराड्यात कोंडाव्यात. पहाटे दार उघडण्यापूर्वीच लस टोचून घ्यावी. दिवस वर आल्यावर कोंबड्यांमागे धावण्यात दोन तास सहज निघून जातात.

५. आजारी कोंबडीला लस देऊ नये. तिला वेगळी ठेवावी.

६. उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. रिकाम्या बाटल्या दवाखान्यात परत द्याव्यात.

पहिल्या वर्षी सगळे सुरळीत झाले असे नाही. एका घरच्या कोंबड्या रात्री फणसावर बसत. त्या हाती लागल्या नाहीत. पौषात पलीकडच्या वाडीत मानमोडी आली तेव्हा फणसावरच्या बहुतेक गेल्या. लस टोचलेल्यांपैकीही दोन मेल्या. पण खुराडी रिकामी झाली नाहीत. एका घराने लस टोचून घेतली आणि शेजाऱ्याने नाही, तर रोग वाडीत राहतोच. आपल्या कोंबड्या वई ओलांडतात, तेव्हा राखणही वाडीनेच केली पाहिजे.

नवीन पक्षी आणल्यास तो निदान दोन आठवडे दूर डालग्याखाली किंवा मांगरात ठेवावा. त्याचे पाणी-दाणे शेवटी करावे आणि हात-पाय धुऊनच घरच्या खुराड्याकडे यावे. पाहुण्यांसाठी आणलेला कोंबडा खुराड्यात मुळीच सोडू नये.

थंडीतले खुराडे

रात्री व पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे आपल्याकडे पूर्वेकडून येतो. म्हणून खुराड्याच्या पूर्व बाजूला रात्री गोणपाट किंवा चुडतांचे झाप बांधावे. मात्र वरची वीतभर जागा उघडी ठेवावी. पूर्ण बंद खुराड्यात विष्ठेचा उग्र वास कोंडतो आणि कोंबड्यांना सर्दी होते. सकाळी झाप काढून ऊन आत येऊ द्यावे.

जमिनीवर भाताच्या तुसाची चार बोटे जाड गादी करावी. भात नुकतेच भरडलेले असते, तूस घरचेच असते. दवाने किंवा सांडलेल्या पाण्याने ती ओली झाल्यास तेवढी काढून टाकावी. ओल्या गादीतून पिल्लांना रक्ती हगवण लागते.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी. तापमापक नसला तरी पिल्ले सांगतात. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडत असतील तर उष्णता जास्त आहे, सगळीकडे पसरून चरत असतील तर ऊब बरोबर आहे. येथे एक सूचना महत्त्वाची. पूर्वीचा पिवळा बल्ब उजेडाबरोबर ऊबही देत असे. आताचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ नाही. एलईडी लावून पिल्ले गारठल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तारेचा बल्ब मिळाल्यास तो पेंढा व झापापासून दूर, घट्ट टांगावा. बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या धुराने पिल्लेच काय, माणसेही दगावतात. सर्वांत उत्तम ऊब खुडूक कोंबडीची. तिच्याखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवावीत. २१ दिवसांत पिल्ले निघतात.

दाणा-पाणी

पावसाळ्यात कोंबडीला गांडुळे, किडे भरपूर मिळतात. जमीन सुकत गेली की हे खाणे घटते आणि दिवसही लहान होतो. मार्गशीर्षात आपल्याकडे उजेड जेमतेम अकरा तास असतो. म्हणून अंडी कमी झाली तर कोंबडी आळशी झाली असे समजू नये. संध्याकाळी कणी-कोंड्याबरोबर थोडी खोबऱ्याची पेंड द्यावी. मासळीची डोकी, आतडी उकडून मिसळावीत, पण थोडीच. जास्त झाल्यास अंड्याला वास येतो. खारवलेली सुकी मासळी घालू नये. जास्त मीठ कोंबडीला विषासारखे आहे. अंड्याच्या एका कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. त्यासाठी तिसऱ्या, कालवे यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, बारीक कुटून वेगळ्या करवंटीत ठेवाव्यात. बुरशी लागलेली पेंड किंवा धान्य कधीही देऊ नये.

बर्ड फ्लूविषयी

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथम कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही तो आला. दोन्ही वेळा दिवस थंडीचेच होते. या दिवसांत खाडीत आणि पाणथळ जागी बाहेरचे पक्षी उतरतात. त्यांच्या पाण्यावर कोंबड्या-बदके सोडू नयेत. मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी आपल्याला ओळखता येत नाही. म्हणून एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्यास त्या कापू नयेत, विकू नयेत, व्हाळात किंवा खाडीत टाकू नयेत. मुलांना दूर ठेवावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. लपविलेला रोग शेजाऱ्याच्या घरी निघतो. रोग नसतानाही मांस व अंडी नीट शिजवूनच खावीत आणि खुराड्यातून आल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

शेवटी घराचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणसाला वर्षाला १८० अंडी मिळावीत. म्हणजे पाच माणसांच्या घराला ९०० अंडी. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा कोंबड्यांची सहाशे-सातशे झाली. त्यांतली काही खुडूक कोंबडीखाली जातात, काही विकली जातात. तेव्हा आधी घरातल्या मुलांच्या ताटात अंडे पडावे आणि मगच विक्री करावी, असे मी आग्रहाने सांगतो. जे विकले जाईल त्याचे पैसे, जी व्यक्ती रोज दार उघडते तिच्याच हाती राहावेत. घरधन्याने त्यावर नजर ठेवू नये. ज्याला आपले म्हणून काही मिळते तोच रात्री उठून कोल्ह्या-मुंगसाची चाहूल घेतो.

आज आई नाही. तिचा पत्र्याचा डबा माझ्या पत्नीकडे आहे आणि सकाळी खुराड्याचे दार मी उघडतो. उघडताना मोजतो. आपणही उद्यापासून मोजा. किती बाहेर आल्या, किती बसून राहिल्या, किती दाण्याकडे धावल्या, एवढे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. आणि या आठवड्यात शेजारच्या चार घरी जाऊन त्यांच्या कोंबड्या किती ते विचारा. शंभर भरल्या की एक बाटली आणायला हरकत नाही.