कचरापट्टीवरील अरण्य

नगररचना म्हणजे केवळ रस्ते, इमारती आणि नळ यांची आखणी, ही समजूत किती अपुरी आहे, याची साक्ष मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी उभी आहे. जेथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे, त्याच सुमारे ३७ एकर जमिनीवर १९८३ साली पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले रोप लागले, आणि १९९४ मध्ये तेथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान जनतेस खुले झाले.

तेथील झाडांच्या गळलेल्या पानांनी माती सकस केली, फुलांनी फुलपाखरांस व फळांनी पक्ष्यांस आमंत्रण दिले, आणि त्याच पक्ष्यांनी बीजप्रसाराचे कार्य शिरावर घेतले. शेजारची खारफुटी भरतीचा वेग मंद करते, गाळ अडवते आणि मत्स्यबीजास आश्रय देते. पर्जन्यजल मुरवणारी मोकळी भूमी पुराचा भार हलका करते.

म्हणून विकास आराखड्याच्या नकाशावर टेकड्या, ओढे, पाणथळी आणि खारफुटी यांची नोंद इमारतींच्या आधी व्हावी, देशी वृक्षांची तजवीज अंदाजपत्रकातच असावी, आणि या जमिनी कोणत्याही सबबीवर अन्य कामी वळवू नयेत, असा आग्रह प्रत्येक नागरिकाने आपल्या नगरपालिकेपाशी धरावा.