संमोहनाचे बळ कोठे असते?

संमोहनाविषयीच्या साऱ्या वादांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : संमोहित व्यक्तीच्या हातून जे घडते, ते घडविणारे बळ कोणाचे असते? संमोहनकर्त्याच्या नजरेत, आवाजात किंवा हातवाऱ्यांत काही विलक्षण सामर्थ्य असते आणि त्या जोरावर तो दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतो, ही समजूत मोहिनीविद्येच्या रंगमंचीय प्रयोगांनी आणि चित्रपटांनी घरोघर पोहोचवली आहे. परंतु गेल्या दोन शतकांतील निरीक्षणे आणि विशेषतः गेल्या साठ-सत्तर वर्षांतील प्रयोगशाळांमधील काम असे सांगते, की हे बळ संमोहित होणाऱ्याच्याच मनाचे असते आणि संमोहनकर्ता ते वापरण्याची वाट तेवढी दाखवतो. हा निर्णय निःसंदिग्ध शब्दांत मांडणाऱ्या पहिल्या काही विचारवंतांमध्ये गोव्यातील बारदेशच्या कांदोळी गावी जन्मलेला एक धर्मगुरू अग्रभागी होता, ही गोष्ट मराठी वाचकाला जितकी ठाऊक असावयास हवी तितकी ती नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्झ आंटोन मेस्मर हा वैद्य प्रथम व्हिएन्नात आणि 1778 पासून पॅरिसमध्ये रोग्यांवर एक नवा उपचार करीत असे. सर्व विश्वात एक अदृश्य, सूक्ष्म प्रवाह भरलेला असून शरीरात त्याची वाटणी बिघडली की रोग होतो, आणि वैद्याला आपल्या हातांच्या हालचालींनी तो प्रवाह पुन्हा सुरळीत करता येतो, असे त्याचे म्हणणे होते. या कल्पित शक्तीला तो प्राणिज चुंबकत्व म्हणे. रोगी थरथरत, किंचाळत, कधी बेशुद्ध होत आणि पुष्कळांना बरेही वाटे. 1784 मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने या प्रकाराच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचा समावेश होता. आयोगाने फ्रँकलिनच्या पासी येथील निवासाच्या बागेत केलेला एक प्रयोग मानसशास्त्राच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. मेस्मरच्या शिष्याने बागेतील जर्दाळूच्या एका झाडात ‘चुंबकत्व भरले’ आणि नंतर डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला एकामागून एक अशा चार झाडांजवळ नेण्यात आले, ज्यांपैकी एकही ते भारलेले झाड नव्हते. तरीही मुलाची अस्वस्थता वाढत गेली आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. प्रवाहाच्या अस्तित्वाला आधार नाही आणि दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत, असा निष्कर्ष आयोगाने दिला. तो अचूक होता, पण केवळ कल्पनेने एखादा मुलगा बेशुद्ध कसा पडू शकतो हा त्याहून मोठा प्रश्न आयोगाने वाऱ्यावर सोडला, आणि नेमका तोच पुढे कांदोळीच्या त्या धर्मगुरूने, म्हणजे अबे फारिया यांनी, हाती घेतला.

जुझे कुस्तोदियु दे फारिया यांचा जन्म 1756 चा. पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, रोममध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झाल्यावर 1813 पासून त्यांनी संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिके सुरू केली. त्यांची पद्धत अत्यंत साधी होती : व्यक्तीला खुर्चीत स्वस्थ बसवावयाचे, डोळे मिटून झोपेचा विचार करण्यास सांगावयाचे, आणि मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा द्यावयाची. चुंबके, लोखंडी कांड्या, भारलेले पाणी यांतील कशाचीही त्यांना गरज भासली नाही. 1819 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की या निद्रेचे कारण निजणाऱ्याच्या ठायी असते, ती त्याच्या चित्ताच्या एकाग्रतेतून उपजते आणि त्याची तयारी नसेल तर दुसरा कोणीही ती आणू शकत नाही. ज्यांचे रक्त पातळ तेच लवकर निद्रिस्त होतात, हे त्यांचे दुसरे मत पुढे टिकले नाही. तथापि आज्ञा देणाऱ्याकडील सामर्थ्य काढून घेऊन ते ऐकणाऱ्याच्या मनात ठेवण्याचे जे धैर्य त्यांनी दाखविले, त्याचे मोल त्यामुळे उणे होत नाही. पणजीत मांडवीकाठी 1945 पासून त्यांचा जो पुतळा उभा आहे, त्यात फारिया हात पसरून एका कोसळत्या स्त्रीवर जणू काही शक्ती सोडीत आहेत असे दिसते. शिल्प म्हणून ते प्रभावी आहे खरे, पण जे मत खोडून काढण्यासाठी या माणसाने पॅरिसमध्ये उपहास सोसला, तेच मत पाहणाऱ्याच्या मनावर ठसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

फारियांनंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1845 मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकाने मेस्मरच्या पद्धतीने रोग्यांना गुंगी आणून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, पण लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यामुळे तो मार्ग मागे पडला. मँचेस्टरमध्ये जेम्स ब्रेड याने 1843 च्या आपल्या ग्रंथात या अवस्थेचा संबंध एका बिंदूवर खिळलेल्या दृष्टीशी व लक्षाशी जोडला. पुढे नान्सी येथील बर्नहाइमने सूचना हाच संमोहनाचा गाभा असल्याचे मांडले.

सूचना म्हणजे काय, हे येथे नीट पाहिले पाहिजे, कारण आज्ञा आणि सूचना यांत मूलभूत भेद आहे. ‘हात वर करा’ ही आज्ञा होय आणि ती पाळणारा आपणच हात वर केला असे जाणतो. ‘तुमचा हात हलका होत आहे, तो आपोआप वर जाऊ लागला आहे’ ही सूचना होय, आणि तिला प्रतिसाद देणाऱ्याला हात स्वतःहून उचलला गेल्याचा अनुभव येतो. स्नायू त्याचेच, त्यांना हुकूम देणारा मेंदूही त्याचाच, परंतु ‘हे मी करीत आहे’ ही कर्तेपणाची जाणीव मात्र त्या कृतीला चिकटत नाही. मनाच्या ज्या व्यापारांचे आपल्याला भान असते त्यांना जाणीव आणि जे भानाबाहेर चालतात त्यांना नेणीव म्हटले, तर संमोहनात कृती जाणिवेत दिसते आणि तिचा उगम नेणिवेत राहतो, असे म्हणता येईल. याचे सौम्य रूप संमोहनाविनाही आढळते. विहिरीची जागा शोधणाऱ्या पाणाड्याच्या हातातील दुबेळक्याची काठी जेव्हा झुकते, तेव्हा तो बहुधा लबाडी करीत नसतो. पाणी येथे असावे या अपेक्षेने त्याचे स्नायू त्याच्या नकळत सूक्ष्म हालचाल करतात आणि ती त्याला बाहेरून आल्यासारखी वाटते. अशा हालचालींचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातच झालेला आहे.

जाणीव आणि नेणीव यांच्यामध्ये हा पडदा कसा येतो, याविषयी दोन मते आहेत आणि त्यांतील वाद अजून मिटलेला नाही. 1889 मध्ये फ्रान्सच्या पिएर जाने याने असे मांडले, की मनाचे काही व्यापार मुख्य जाणिवेपासून सुटे होऊन स्वतंत्रपणे चालू शकतात. या मताचे नवे रूप स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्नेस्ट हिल्गार्ड यांनी विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात मांडले. वेदना जाणवणार नाही अशी सूचना दिलेल्या व्यक्तीचा हात बर्फाच्या पाण्यात ठेवला असता ती तोंडाने ‘फारसे दुखत नाही’ असे सांगे; परंतु मनाच्या ज्या भागाला खरे ठाऊक असेल त्याने उत्तर द्यावे असे सुचविल्यावर त्याच व्यक्तीकडून अधिक वेदनेची नोंद मिळे. या भागाला हिल्गार्ड यांनी ‘लपलेला निरीक्षक’ म्हटले. उलट पक्षी कॅनडातील निकोलस स्पॅनोस यांनी दाखविले, की निरीक्षकाला कमी वेदना जाणवतील असे आधी सूचित केले तर तो कमी सांगतो आणि जास्त जाणवतील असे सूचित केले तर जास्त. म्हणजे तोही सूचनेचेच अपत्य ठरतो. त्यांच्या मते संमोहन ही काही वेगळी अवस्था नसून अपेक्षा, कल्पना आणि सहकार्य यांतून घडणारे वर्तन आहे. दोन्ही पक्षांत तथ्यांश आहे, पण अंतर्मन नावाचा एक सर्वज्ञ, सत्यवचनी पुरुष आपल्या आत बसलेला असून संमोहनाने त्याला बोलते करता येते, या लोकप्रिय कल्पनेला या वादातून आधार मिळत नाही.

संमोहन हे निव्वळ सोंग आहे, या आक्षेपाचे उत्तर मात्र आता प्रयोगांनी दिलेले आहे. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापून शाईचा रंग सांगावयास लावला, तर साक्षर माणूस अडखळतो, कारण अक्षरे दिसताच ती वाचली जातात आणि ते वाचन इच्छेने थांबविता येत नाही. या कसोटीला स्ट्रूप चाचणी म्हणतात. अमीर राझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहज संमोहित होणाऱ्या व्यक्तींना अशी सूचना दिली, की समोर येणारी अक्षरे अनोळखी भाषेतील अर्थहीन खुणा वाटतील, आणि त्यांचे अडखळणे जवळजवळ नाहीसे झाले. जे थांबविणे जाणिवेच्या हातचे नाही, ते सूचनेने साधले. वेदनेबाबतचे काम याहून सूक्ष्म आहे. 1997 मध्ये माँट्रियल येथील संशोधकांनी गरम पाण्यात हात ठेवलेल्या व्यक्तींना वेदना कमी-अधिक नकोशी वाटेल अशी सूचना देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. तेव्हा वेदनेच्या क्लेशाशी निगडित असलेल्या अग्र सिंग्युलेट या भागाचे कार्य सूचनेनुसार बदलले, पण स्पर्श व उष्णता यांची तीव्रता नोंदविणारा भाग तसाच राहिला. सूचनेतील शब्द कोणते आहेत यावर मेंदूतील परिणाम कोठे होणार हे ठरते, ही या प्रयोगाची शिकवण उपचारकाने फार मनावर घ्यावी अशी आहे.

ही क्षमता सर्वांत सारखी नसते. स्टॅनफर्ड येथे 1959 मध्ये तयार झालेल्या बारा कसोट्यांच्या मोजपट्टीने पाहिले असता बहुतेक माणसे मध्यम प्रतिसाद देणारी ठरतात, अगदी उच्च आणि अगदी अल्प प्रतिसाद देणारे दोन्ही टोकांना थोडे असतात, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी त्याच व्यक्तींची पुन्हा चाचणी घेतली तरी त्यांच्या क्रमात फारसा फरक पडलेला दिसत नाही. दुबळ्या मनाची माणसे लवकर संमोहित होतात, ही समजूत निराधार आहे. पुस्तकात किंवा संगीतात देहभान हरपून रमण्याची वृत्ती मात्र काही अंशी या क्षमतेशी संबंधित आढळते. संमोहित माणसाकडून वाटेल ते करवून घेता येते काय, या प्रश्नावर मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक एव्हान्स यांनी 1965 मध्ये जे दाखविले ते विचार करण्यासारखे आहे : संमोहित व्यक्ती धोकादायक वाटणारी कृत्ये करण्यास तयार झाल्या खऱ्या, पण संमोहनाचे केवळ सोंग करण्यास सांगितलेल्या व्यक्तीही तशाच तयार झाल्या, कारण प्रयोगकर्ता आपल्याला खरी इजा होऊ देणार नाही असा सर्वांचा भरवसा होता. म्हणून दुरुपयोगाचा धोका शोधावयाचा तो गूढ शक्तीत शोधू नये. अधिकारस्थानी बसलेल्या माणसावर ठेवलेल्या विश्वासात तो असतो.

सर्वांत मोठी हानी स्मृतीच्या क्षेत्रात झाली आहे. संमोहनाने विसरलेले आठवते असे मानून अमेरिकेत साक्षीदारांना संमोहित करून जबान्या घेतल्या गेल्या, परंतु अभ्यासातून असे दिसले, की संमोहनात माणूस अधिक तपशील सांगतो आणि अधिक खात्रीने सांगतो, पण त्या तपशिलांची सत्यता त्या प्रमाणात वाढत नाही. 1983 मध्ये लॉरेन्स आणि पेरी यांनी 27 संमोहनक्षम व्यक्तींना, एका विशिष्ट रात्री मोठ्या आवाजाने आपल्याला जाग आली होती अशी खोटी सूचना दिली, आणि पुढे त्यांतील 13 जण ते खरेच घडले होते असे सांगू लागले. पूर्वजन्माची आठवण करून देणाऱ्या बैठकांची परीक्षा याच प्रकाशात झाली पाहिजे. स्पॅनोस यांच्या प्रयोगांत पूर्वजन्मीची व्यक्ती कशी असेल याविषयी जी अपेक्षा आधी पेरली गेली, तिच्याशी जुळणारे जन्म लोकांना ‘आठवले’. पुनर्जन्मावर श्रद्धा असणे वा नसणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; परंतु घटस्फोट, आजार किंवा अपत्यवियोग यांनी खचलेल्या माणसाला त्याच्या दुःखाचे कारण म्हणून अशी एखादी कथा पैसे घेऊन देणे हा अन्याय आहे आणि त्याचा निषेध स्पष्टपणे झाला पाहिजे.

उपचारातील योग्य जागा मात्र संमोहनाने कष्टाने मिळविलेली आहे. मँचेस्टर येथे पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये, पोटदुखी, गुबारा आणि अनियमित शौच यांनी वर्षानुवर्षे त्रासलेल्या पण तपासणीत आतड्यांचा कोणताही रोग न आढळणाऱ्या रुग्णांवर संमोहनाचा स्पष्ट गुण दाखविला, आणि औषधांनी बरे न वाटणाऱ्या अशा रुग्णांसाठी ब्रिटनच्या शासकीय वैद्यकीय मार्गदर्शनात त्याची शिफारस आहे. भाजलेल्या जखमांची मलमपट्टी, प्रसूती, दातांच्या उपचाराची भीती, कर्करोगाच्या उपचारांतील मळमळ या प्रसंगी ते औषधाला पूरक म्हणून उपयोगी पडते. जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा कर्करोग त्याने बरा होत नाही, आणि तसे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. संमोहनाचा उपचार घेऊ इच्छिणाऱ्याने संमोहनकर्त्याच्या कीर्तीची चौकशी करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : याच दुखण्यावर संमोहनाविना उपचार करण्याचे शिक्षण आणि नोंदणी या माणसाजवळ आहे काय? उत्तर नाही असे असेल, तर त्या दारातून परत फिरावे.