बोथट सांखळी



हिंगोली जिल्ह्यांत माघ-फाल्गुन आला कीं हळद शिजविण्याची घाई सुरू होते. वसमतच्या बाजूस कढया आणि बॉयलर पेटतात व जळणासाठीं धुऱ्यावरच्या बाभळींवर सांखळी-करवत चालूं लागते. पुढें वळवाच्या वादळांत कोणाच्या अंगणांतला निंब उन्मळून पडतो, तेथेंही हेंच यंत्र बोलावलें जातें. गांवांत त्यास नुसतें ‘मशीन’ म्हणतात. आपण शहरांतील मंडळी तें स्वतः क्वचितच हातीं धरतों. परंतु धरणाऱ्यास रोजावर बोलावितों, म्हणून त्याच्या धारेची गोष्ट आपल्याही कानीं घालण्याजोगी आहे.

धार तीक्ष्ण असली म्हणजे धोका अधिक, असा आपला सर्वसाधारण समज. ह्या यंत्राच्या बाबतींत तो उलटा आहे. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ सालीं त्यानें एका ओंडक्यांत भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडतांना पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालत होते. त्यावरून त्यानें एक दांत डावा, एक उजवा अशी नवी सांखळी रचली. आजच्या बहुतेक सांखळ्या तिच्याच वंशांतल्या. असा दांत धारदार असला तर ढलप्या काढतो. बोथट झाला कीं नुसता घासतो व पिठासारखा भुसा पाडतो. मग चालविणारा अंगाचा भार घालून दाबतो, पट्टी तापते, धूर निघतो, हात थकतात. थकल्या हातांत पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला अडला, तर सगळें यंत्र त्याच्या तोंडाकडे उसळतें. भरधाव सांखळी सेकंदास सुमारें २० मीटर धांवते. सावरण्यास अवधि कोठला?

आपल्याकडे धार लवकर जाते. वाळलेली बाभूळ मुळांतच कठीण, त्यांत बुंध्यास चिकटलेली काळी माती. आणि करवत चालू असतां जमिनीस एकदां टेकली तरी पुरे.

धार लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून निवूं द्यावें, प्लगची तार काढावी, हातमोजे घालावे. कानस गोल हवी व तिचा व्यास सांखळीच्या मापाचा हवा: ०.३२५ इंची सांखळीस ४.८ मिलिमीटर, ३/८ इंचीस बहुधा ५.२, बसक्या ३/८ इंचीस ४. कोन पुष्कळ सांखळ्यांस ३० अंशांचा असतो. तरी यंत्राबरोबरची पुस्तिका पाहावी. कानस दांताच्या आंतून बाहेर, पुढेंच ढकलावी; मागें आणतांना उचलावी. सर्वांत आंखूड दांत शोधून बाकीचे त्याच्या बरोबरीचे करावे, नाहीं तर करवत वांकडी जाते. तिकोनी कानशीनें करवत लावणाऱ्या आपल्या सुतारास हें निराळें सांगावें लागत नाहीं.

ज्या जागीं मला खरी भीति वाटते ती पुढें आहे. प्रत्येक दांतापुढें एक लहान उंचवटा असतो. दांतानें किती खोल चावावें तें तो ठरवितो. दांत घासून ठेंगणा झाला कीं हा उंचवटाही माफक उतरवावा लागतो. दोहोंतील अंतर साधारणतः ०.६५ मिलिमीटर असावें. काम झपाट्यानें व्हावें म्हणून कित्येकजण तो सपाट करून टाकतात. मग दांत अधाशासारखा चावतो आणि यंत्र उसळण्याचा संभव वाढतो. ह्यासाठीं मापाची पट्टी मिळते. नजरेवर विसंबूं नये.

सांखळी थंड असतां हातानें सहज सरकावी, पण पट्टीखालीं लोंबूं नये. पट्टी मधून मधून उलटी करून बसवावी. जळकें इंजिन-तेल सांखळीस घालणें ही काटकसर नव्हे.

आतां आपल्याकडे येऊं. मजूर कानस घेऊन बसला कीं मालक घड्याळ पाहतो. झाडागणिक मजुरी ठरविली कीं तोही धार लावण्याचें टाळतो. हीं दहा-पंधरा मिनिटें कामांतच धरावीं, आणि तसें त्यास आधींच सांगावें. त्याच्याजवळ शिरस्त्राण, डोळ्यांस जाळी व पायांस जाड संरक्षक पोषाख आहे कीं नाहीं तेंही विचारावें. नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावें. आणि करवतीखालीं काय पडतें तें दुरून पाहावें. पीठ दिसलें तर त्यास थांबवून चहा द्यावा. यंत्र निवलें कीं कानस फिरविण्यास तो मोकळा.