अहिंसेच्या वाटेवरचा सैनिक : मुरबे गावचे हुतात्मा रामचंद्र महादेव चुरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नाशीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानमालेत ‘देशासाठी देह ठेवणाऱ्या तरुणाचे स्मरण’ हा विषय घ्यावा असे ठरले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी एक शंका बोलून दाखवली. आपला धर्म अहिंसेचा, मुंगीलाही जपून पाऊल टाकण्याची शिकवण देणारा. मग शस्त्र घेऊन लढणाऱ्याचे गुणगान आपल्या व्यासपीठावरून का व्हावे? शंका प्रामाणिक आहे. तिला बगल देऊन तसबिरीला हार घालणे सोपे आहे, परंतु ते स्मरण मनापासूनचे होणार नाही. म्हणून आधी शंकेचाच विचार करू.

आपल्या परंपरेने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. हेतुपुरस्सर केलेली ती संकल्पी, घरकामात घडते ती आरंभी, शेती-व्यापारात घडते ती उद्योगी आणि स्वतःचे, आश्रितांचे वा देशाचे रक्षण करताना घडते ती विरोधी. साधू-साध्वी महाराज चारही प्रकारांचा त्याग करतात. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी आणि उरलेल्या तिन्हींत शक्य तितका विवेक राखावा, अशी मर्यादा त्याला घालून दिली आहे. सीमेवरच्या जवानाचे कर्तव्य या चौथ्या प्रकारात येते. 1999 च्या कारगिल युद्धात 527 जवान धारातीर्थी पडले. आपण निर्धास्तपणे दुकानाचे कुलूप काढतो, देरासरात पूजा करतो, त्या निर्धास्तपणाची किंमत अशा घरांनी मोजलेली असते.

भगवतीसूत्राच्या सातव्या शतकात वैशालीच्या नागनत्तुअ वरुणाची कथा आहे. नागनत्तुअ म्हणजे नागाचा नातू. हा बारा व्रते घेतलेला श्रावक निरंतर छठ्ठाची तपश्चर्या करीत असे. राजा कोणिकाविरुद्धच्या रथमुशल संग्रामात जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्याने छठ्ठाचा अठ्ठम केला आणि जो प्रथम प्रहार करील त्याच्यावरच शस्त्र चालवीन, असा नियम घेतला. समोरचा योद्धा ‘प्रहार कर’ म्हणून आव्हान देत राहिला, तरी वरुणाने पहिला बाण सोडला नाही. शत्रूच्या बाणाने मर्मी घायाळ झाल्यावरच त्याने प्रत्युत्तर दिले. मग तो रणभूमीतून बाजूला गेला, रथाचे घोडे मोकळे केले, दर्भासनावर पूर्वाभिमुख बसून अरिहंतांना वंदन केले, जीवनभराचे प्रत्याख्यान घेतले, शरीरातील बाण उपसला आणि समाधीत देह ठेवला.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. युद्धात मरणारा प्रत्येक जण देव होतो, असे लोक म्हणू लागले. गौतमस्वामींनी त्याबद्दल विचारले असता, हे म्हणणे मिथ्या आहे, असे भगवंतांनी स्पष्ट सांगितले. वरुणाला सद्गती लाभली ती त्याच्या व्रतामुळे आणि अंतसमयीच्या समाधीमुळे. म्हणजे शास्त्राने युद्धाचा गौरव केला नाही आणि योद्ध्याचा धिक्कारही केला नाही. त्या क्षणी मनात संयम किती होता आणि भय किती गळाले होते, हे पाहिले.

हाच निकष घेऊन आपल्या परिसराकडे वळू. कारण मुरबे गावाने देशाला असा एक सैनिक दिला आहे, ज्याच्या हाती शस्त्रच नव्हते.

8 ऑगस्ट 1942 च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र दिला. 9 तारखेच्या पहाटे गांधीजी व इतर प्रमुख नेते पकडले गेले. वाट दाखवणारे तुरुंगात गेल्यावर चळवळ थंडावेल, असा सरकारचा होरा होता. परंतु पाचच दिवसांनी, 14 ऑगस्ट रोजी, पालघर परिसरातील गावांतून निघालेले लोक तिरंगा घेऊन पालघरच्या कचेरीवर चालून गेले. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांना वीरमरण आले. मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी.

ही नावे पुन्हा एकदा गावांसह मनात म्हणून पाहा. मुरबे आणि सातपाटी यांच्यामध्ये खाडी आहे. नांदगाव किनाऱ्यावरचे, सालवड बोईसरच्या अंगाचे, तर पालघर रेल्वेवरचे. गावे निराळी आणि घराणीही निराळी, पण त्या दिवशी सर्वांची वाट एक झाली.

बंदुकीसमोर बंदूक घेऊन उभे राहण्यास धैर्य लागतेच. परंतु रिकाम्या हाताने पुढे पाऊल टाकण्यास कोणते धैर्य लागत असेल? आपण रोज ‘अभयदयाणं’ म्हणून परमात्म्याची स्तुती करतो. अभय देणारा, हा त्याचा अर्थ. जो स्वतः भ्यालेला आहे, तो दुसऱ्याला अभय कोठून देणार? भयापोटी हात जोडून बसणे आणि अहिंसा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर या पाच जणांनी प्राण देऊन दाखवले.

आम्हा कापडाच्या व्यापाऱ्यांना आणखी एक नाव विसरता येत नाही. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईच्या काळबादेवीत परदेशी कापड भरलेल्या ट्रकसमोर बाबू गेनू हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार आडवा झाला. ट्रक त्याच्या अंगावरून गेला. त्याने कोणावर दगड उचलला नव्हता. स्वदेशी कापडाचा तागा आज आपण अभिमानाने गिऱ्हाइकापुढे उलगडतो, तेव्हा हे ऋण आठवावे.

पालघरच्या हुतात्मा स्तंभाजवळ दर वर्षी 14 ऑगस्टला लोक श्रद्धांजलीसाठी जमतात. हा दिवस नेहमीच चातुर्मासात येतो आणि साधू भगवंतांचे सान्निध्य असेल तर उपाश्रय भरलेला असतो. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन विनंत्या करतो. त्या दिवशी प्रवचनानंतर सकल संघाने या पाच हुतात्म्यांच्या आणि सीमेवर पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ बारा नवकार म्हणावेत. पाठशाळेतील प्रत्येक मुलाला पाचही नावे गावांसह मुखोद्गत असावीत. आणि मुरबे, सातपाटी, नांदगाव, सालवड व पालघर यांपैकी दर वर्षी एका गावातील गरजू विद्यार्थ्यांना ट्रस्टने वह्या आणि गणवेश द्यावेत. पाच वर्षांत एक फेरी पूर्ण होईल. पहिल्या वर्षी मुरबे गाव घ्यावे. गणवेशाचे कापड माझ्या दुकानातून येईल.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील राजस्थान, गुजरात, कच्छ येथून या किनाऱ्यावर आले. या भूमीने आपल्याला पेढी दिली, देरासरासाठी जागा दिली, शेजार दिला. या भूमीच्या पुत्रांना आपले मानणे हे आपल्याकडून उपकार नव्हे. ते वहीतील जुने देणे आहे आणि ते भावनेनेच चुकते होते.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र. जय हिंद.