पदवी, पगार आणि ऐपत

(खापा येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा संक्षेप)



कन्हानकाठच्या या विणकरांच्या गावात कोष्ट्याच्या मुलाला 'आधी शिकावे की आधी काम करावे' असा प्रश्न पूर्वी पडत नसे. बापाच्या मागाशेजारी बसूनच तो धोटा चालवायला शिके. पुढे यंत्रमाग आले. विणकराचा हात कुशल होता. पण यंत्राचे ज्ञान आणि भांडवल दुसऱ्यांच्या मुठीत होते. नुसत्या अनुभवाने त्याला तारले नाही.

आज अशाच घरातला नातू संगणकाची पदवी घेऊन उभा आहे. नागपूरच्या मिहानमधील नोकरी धरावी की एम. टेक., एम. सी. ए.साठी पुढे शिकावे, हा त्याचा पेच आहे.

प्रथम हिशेब पाहू. शिक्षणाचा खर्च फीपुरता नसतो. त्या काळात बुडालेली मिळकतही त्यातच धरावी लागते. समजा, दरमहा १८,००० रुपयांची नोकरी सोडली, तर दोन वर्षांत ४,३२,००० रुपये बुडतात. 'गेट' उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम. टेक. करणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्याची तूट फी सोडून १,३४,४०० रुपयांवर येते. ज्याला विद्यावेतन नाही, त्याच्यावर सगळा बोजा पडतो. सधन घराला ही गुंतवणूक वाटते. मजुराच्या घरात तेच कर्ज होते. म्हणून ज्याला आपण निवड म्हणतो, ती पुष्कळदा ऐपतच असते.

तरीही काही विवेक करता येतो. ज्याला अध्यापन वा संशोधन करावयाचे आहे, त्याला उच्च पदवीवाचून मार्ग नाही. ज्याला आज्ञावली लिहिण्याचे काम करावयाचे आहे, त्याने दोन-तीन वर्षे काम करून आपली उणीव ओळखावी व मग शिकावे, हे अधिक शहाणपणाचे. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली दुरुस्त करणे वर्गात क्वचितच शिकविले जाते. मात्र या धंद्यातील साधने झपाट्याने जुनी होतात. गणित आणि मूलतत्त्वे टिकतात. ती पक्की नसतील, तर नव्या यंत्रापुढे या नातवाची गत आजोबांसारखीच होईल.

श्रम आणि विद्या यांची ही फारकत अटळ नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथून जवळच, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. पण त्यात उमेदवाराला 'कामगार' मानलेले नाही. कामगार म्हणून मिळणारे बहुतेक हक्क त्याला नाहीत. काम शिकविण्याच्या नावाखाली स्वस्त मजुरी घेण्यास यातून वाट मिळते. कामाबरोबर पदवी देऊ करणाऱ्या काही योजनांत वर्षानुवर्षे बांधून ठेवणारा करारही असतो.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी : शिकाऊ उमेदवारास जगण्यापुरते विद्यावेतन, कामाच्या अनुभवाला पदवीत श्रेयांक, नोकरदारांसाठी तालुक्याच्या ठिकाणी सायंकालीन अभ्यासक्रम आणि नोकरी सोडणाऱ्यावर दंड लादणाऱ्या करारांना बंदी.

हे होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. सहीसाठी करार हाती आलेल्या प्रत्येक मुलामुलीजवळ बसून तो ओळीओळीने वाचून दाखविणे, हे काम शाखेच्या कार्यकर्त्याला उद्यापासून करता येईल.