तंबूतील रात्र आणि पाळण्यांचा दिवस
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्ती, वधूवर-सूचक मंडळ आणि इमारत निधी एवढे गंभीर विषय झाल्यावर सहलीविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. तथापि गेल्या दोन सहलींत आम्हांस जे दिसले, ते आपल्यापुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

एके दिवशी करमणूक उद्यान आणि एक रात्र तंबूत मुक्काम, ही कल्पना तरुण मंडळींना अगदी नवी वाटते. वस्तुतः आपले आजे-पणजे वर्षातून एकदा हेच करीत. माळेगावच्या किंवा पालीच्या खंडोबाच्या जत्रेला बैलगाड्या निघत. झाडाखाली गाडी सोडून तीन दगडांची चूल मांडली जाई. दिवसा पोरे आकाशपाळण्यात बसत, रात्री सारे कुटुंब उघड्यावर निजे. परदेशातही निराळे घडले नाही. कोपनहेगनजवळच्या बाकन या उद्यानाचा आरंभ 1583 साली रानातल्या एका झऱ्याभोवती जमणाऱ्या लोकांपासून झाला, असे मानतात. फ्लॉरिडातील डिस्नेच्या उद्यानाने तर 1971 मध्ये, म्हणजे उघडले त्याच वर्षी, शेजारच्या वनात तंबूंची जागाही सिद्ध केली. असो.

आमची पहिली सहल डिसेंबरात निघाली. रात्रीचा मुक्काम पवना जलाशयाच्या काठी आणि दुसरे दिवशी घाट उतरून खोपोलीजवळचे, 2013 साली सुरू झालेले, इमॅजिका उद्यान, असा बेत होता. रात्र सुरेख गेली. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांच्या मधले ते पाणी आणि त्यावरचे चांदणे पाहून आमच्यातील वयोवृद्धही लहान झाले. (लोहगडास 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, हे सांगण्यास आम्ही विसरणार नाही.) परंतु नव्या जागी मुले मध्यरात्रीपर्यंत झोपली नाहीत. सकाळी घाटाच्या वळणांवर दोघांना ओकाऱ्या झाल्या आणि उद्यानाच्या दारी पोहोचेतो निम्मी पोरे पेंगत होती.

खरी गोष्ट पुढेच आहे. तिकिटे काढण्याची वेळ आली तेव्हा तीन कुटुंबे मागे राहिली. एका गृहस्थांचे डोके दुखू लागले, एका वहिनींना उन्हाचा त्रास, तिसऱ्यांस कोणास तरी भेटावयाचे होते. त्यांची मुले दाराबाहेरच्या सावलीत डबे सांभाळीत बसली. आतून पाळणा वर चढताना येणाऱ्या किंकाळ्या त्यांना दिवसभर ऐकू येत होत्या. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्यांतल्या एका मुलाने आमच्याजवळ बसून सहज विचारले, "काका, आत पाण्याची घसरगुंडी पण आहे का हो?" तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सहलीची वर्गणी आम्ही बस आणि जेवण एवढीच धरली होती. तिकीट ज्याचे त्याने काढावयाचे होते. चार माणसांच्या कुटुंबास ते केवढ्याला पडते, याचा हिशेब समितीतल्या एकानेही केला नव्हता. दोष सर्वस्वी आमचा होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोन बदल केले. सगळा खर्च एका थैलीत धरला आणि क्रम उलटा लावला. आधी उद्यान, मग तंबू. उद्यानाचा स्वभाव माणसे पांगविण्याचा. उंचीची पट्टी लावून पोरे निवडली जातात, धीट एकीकडे, भित्रे दुसरीकडे, आजीबाई बाकावर. ही पांगापांग रात्री शेकोटीभोवती भरून निघते. मागल्या वर्षी आम्ही एकत्र जमून मग पांगलो होतो. शिवाय दिवसभर दमलेली मुले तंबूत शिरताच निजतात. मात्र चार वाजता बाहेर पडावे, म्हणजे खंडाळ्याचा घाट आणि दुधिवरेची खिंड फार अंधार पडण्यापूर्वी ओलांडता येते.

एका प्रसंगाने मात्र आमच्या काळजाचा ठोका चुकला. थंडी वाढली म्हणून कोणी तरी मायेपोटी पेटत्या कोळशाची शेगडी एका वृद्ध दांपत्याच्या तंबूत नेऊन ठेवली आणि दार बंद केले. आपल्या समाजातील एक परिचारिका भगिनी तेथून जात होत्या. त्यांनी ती तत्क्षणी बाहेर ओढली. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत निजलेला माणूस उठतच नाही. सबब तंबूत चूल, शेगडी, कोळसा काहीही न्यावयाचे नाही. पांघरुणे अधिक घ्यावी. तसेच धरणाच्या पाण्यात उतरू नये. काठावर उथळ दिसणारा तळ दोन पावलांवर खोल जातो.

त्या रात्री, गेल्या वर्षी डोके दुखलेले ते गृहस्थ शेकोटीपाशी बसून, आपण मोठ्या पाळण्यात डोळे मिटून कसे ओरडलो, याची नक्कल करीत होते. त्यांचा मुलगा पोट धरून हसत होता.

पुढील सहल जानेवारीत आहे. नावे चिटणीसांकडे द्यावी. वर्गणी ज्याला जेवढी झेपेल तेवढी बंद पाकिटात घालून कार्यालयातील पेटीत टाकावी. पाकिटावर नाव लिहू नये.